नाते खरे, पुरावा कुठे? कुटुंब-व्हिसाच्या खिडकीवरचा आपला इतिहास

बोनकोडे गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणारी एक विवाहित मुलगी गेल्या पावसाळ्यात फाईल घेऊन माझ्याकडे आली. मूळ गाव परभणी जिल्ह्यात. नवरा दुबईला एसी दुरुस्तीच्या कामावर. लग्नाला तीन वर्षे झाली, त्यातले जेमतेम पाच महिने दोघे एका छपराखाली राहिले. आता नवऱ्याचा पगार वाढला होता आणि तिला तिकडे बोलावून घेणे नियमात बसत होते. प्रश्न एवढाच होता, की ती त्याची बायको आहे हे कागदावर कसे दाखवायचे?

फाईल उघडली. विहारातून मिळालेले विवाहाचे प्रमाणपत्र होते, त्यावर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, बौद्धाचार्यांची सही. लग्नाचे फोटो होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरी ठेवलेले वेगळेच नाव. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत बापाचे नाव होते, आईचे होते, तारीख होती; बाळाच्या नावाचा रकाना मात्र रिकामा. लिंग : स्त्री. एवढीच तिची सरकारदरबारी पहिली ओळख.

नवऱ्याची जन्मतारीख १ जून. सासऱ्यांची १ जून. सासूबाईंच्या आधारवर १ जानेवारी. विवाहनोंदणीसाठी एका कार्यालयात गेली तेव्हा तिथल्या बाबूने विचारले, "तुमच्या घरात सगळे एकाच दिवशी जन्माला येतात का?" आणि पुढे, "सप्तपदीचा फोटो कुठाय?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तारीख मास्तरनं लिवली साहेब. आम्हाला काय ठावं?"

बाबूच्या उद्धटपणाबद्दल हा लेख नाही. तो बाबू गेला तरी प्रश्न जात नाही. परदेशात असलेल्या आपल्या माणसाकडे जाणे ही वरवर पाहता घरगुती गोष्ट वाटते. नवरा-बायको, आई-लेक यांचा मामला. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक राज्यसंस्थेने या घरगुती गोष्टीला एकच अट घातलेली दिसते : तुमचे कुटुंब हे 'आमच्या व्याख्येतले' कुटुंब आहे हे सिद्ध करा. आणि ज्यांची नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही, त्यांच्यासाठी ही अट सर्वांत जड ठरली. माझा मुद्दा एवढाच आहे. तो इतिहासातून मांडते.

एक जूनचे घराणे

महाराष्ट्रात १ जून ही तारीख लाखो लोकांचा वाढदिवस आहे. जूनमध्ये शाळा भरायची. मूल नाव घालायला आले की गुरुजी विचारायचे, कधीचा जन्म? आई सांगायची, "बाहत्तरच्या दुष्काळात", "पोळ्याच्या आधी", "ज्वारी काढायला आली होती तेव्हा". गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून. आधार कार्ड आले तेव्हा ज्यांना फक्त वय सांगता आले, त्यांच्या नावापुढे यंत्रणेने १ जानेवारी छापली. गुरुजींचे काम संगणकाने पुढे चालवले.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा १९६९ चा. त्याआधीची नोंद प्रांताप्रांतावर आणि पाटलाच्या मर्जीवर होती. कायदा आल्यावरही वस्तीपर्यंत नोंदणी पोचायला अनेक वर्षे लागली. ज्या घरांत जन्मपत्रिका करण्याची रीत होती, तिथे तास-घटकेसह जन्म कागदावर होता. पत्रिकेला आपला विरोध आहे आणि तो योग्यच आहे. पण तिच्या निमित्ताने पिढ्यान् पिढ्या काहींच्या घरी लेखी नोंद राहिली आणि आपल्या घरी सुईणीची आठवण राहिली, हा फरक नाकारता येत नाही. सुईण आपल्याच वस्तीतली असायची, लिहिणे तिला कोणी शिकवले नव्हते. ज्यांना अक्षर नाकारले, त्यांच्याकडेच आज अक्षरी पुरावा मागितला जातो.

त्यात १९५६ नंतर आणखी एक थर चढला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. लोकांनी नावे बदलली, आडनावे बदलली, दगडू-धोंडू जाऊन सिद्धार्थ-राहुल आले. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडले. म्हणून एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू महार', काकांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आणि नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे लिहिलेले आढळते. आपल्यासाठी हा मुक्तीचा प्रवास आहे. खिडकीपलीकडच्या माणसाला ती फक्त 'विसंगती' दिसते.

मजूर हवा तेव्हा नोंद होते

मग राज्याला आपली नोंद ठेवताच येत नव्हती का? येत होती. हवी तेव्हा ती फार बारकाईने ठेवली गेली.

१८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी भाषक होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. या मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. आणि १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. ज्या काळात गावच्या दप्तरात आपल्या माणसाचा उल्लेख 'अमुक महार' याच्या पलीकडे जात नव्हता, त्या काळात मळेवाल्याच्या वहीत त्याच्या कपाळावरचा व्रणसुद्धा लिहिला गेला. कारण उघड आहे. पळाला तर पकडायचा होता.

आज मॉरिशसमधला एखादा पणतू त्याच वहीचा उतारा काढून आपले मूळ भारतात असल्याचे सिद्ध करतो आणि ओसीआय कार्डासाठी अर्ज करतो. गुलामीसारख्या कराराची वही त्याला आज नाते जोडून देते. आणि त्याच मजुराचा मागे राहिलेला भाऊ? त्याच्या पणतीची फाईल घेऊन मी बोनकोडेत बसते.

इतिहासाचा पहिला धडा हा : श्रम हवे असतात तेव्हा राज्य स्वतः नोंद करते. नाते मागायला जाता तेव्हा नोंद तुम्ही आणायची असते.

१९१३ : दोन घटना

१४ मार्च १९१३. दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एक निकाल दिला. तिथे स्थायिक झालेल्या एका भारतीय मुसलमान गृहस्थाची बायको त्याच्याकडे राहायला आली होती. तिला प्रवेश नाकारला गेला. कारण काय? ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न तिथल्या कायद्याने ग्राह्य नाही. या एका निकालाने तिथल्या बहुसंख्य हिंदू-मुसलमान भारतीयांच्या बायका कायद्याच्या नजरेत बायकाच उरल्या नाहीत. त्यानंतरच्या सत्याग्रहात भारतीय स्त्रिया तुरुंगात गेल्या आणि १९१४ च्या इंडियन रिलीफ ॲक्टने एका पत्नीचे लग्न मान्य केले. लढल्याशिवाय तेही मिळाले नाही.

आता 'सप्तपदीचा फोटो कुठाय?' हा प्रश्न पुन्हा ऐका. तिकडे गोऱ्या न्यायाधीशाने विचारले, ख्रिस्ती पद्धतीने लग्न झाले का? इकडे बाबूने विचारले, ब्राह्मणी पद्धतीने झाले का? ११० वर्षांत खिडकीची जागा बदलली, प्रश्न तोच राहिला. खरे तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा कलम २ नुसार बौद्धांनाही लागू आहे, आणि त्याच्या कलम ७ मध्ये वर किंवा वधू यांपैकी कोणाच्याही रूढीप्रमाणे झालेले लग्न चालते. सप्तपदी जिथे त्या विधीचा भाग असेल तिथेच ती लागते. पण आपली रीत 'रूढी' ठरायला किती जुनी असावी, हा वाद बौद्ध विवाहाच्या मागे लागलेलाच आहे. म्हणूनच स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आपल्या चळवळीने सतत लावून धरली.

त्याच १९१३ साली दुसरी घटना घडली. जुलैमध्ये २२ वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, शिक्षण झाल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. रमाई मुंबईत राहिल्या.

त्या वेळी हिंदुस्थानातून बाहेर पडायला पासपोर्टची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धात आली आणि १९२० च्या पासपोर्ट कायद्याने कायम झाली. म्हणजे रमाईंना अडवणारा कागद १९१३ मध्ये नव्हता. त्यांना अडवले गरिबीने. एका माणसाचे पोट भरून पुस्तके घ्यायची, त्यातून घरी पैसे पाठवायचे, एवढ्यात दुसऱ्याचे तिकीट बसणार कुठे? १९१७ ला बाबासाहेब परतले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले, १९२३ ला आले. त्या काळात रमाईंनी परळच्या चाळीत संसार ओढला. पाच लेकरांतली चार गेली. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. परदेश त्यांनी पाहिला नाही.

आपण रमाईंच्या त्यागाची गाणी गातो. गायलीच पाहिजेत. पण त्याग म्हणून ज्याचा गौरव करतो, ती गोष्ट त्यांच्यावर लादलेली होती हेही लक्षात ठेवले पाहिजे. नवरा परदेशी शिकत असताना बायकोने चाळीत एकटीने राहणे हे कोणत्याही समाजाचे आदर्श चित्र असू नये. आजही परदेशी शिष्यवृत्तीवर आपली मुले जातात तेव्हा हा प्रश्न येतो. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी नियम केला, की संशोधन पदवी आणि काही मोजक्या शासकीय शिष्यवृत्त्या सोडल्या तर विद्यार्थ्याला जोडीदार आणि मुले सोबत आणता येणार नाहीत. पूर्वी गरिबी अडवत होती, आता तिच्या सोबतीला नियमही आला.

रक्ताच्या शुद्धतेचा दाखला

१९२३ मध्ये लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पूर्ण होत होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्याचा निकाल दिला. थिंड हे पंजाबचे, अमेरिकी सैन्यात राहिलेले. नागरिकत्व मिळवायला थिंड यांना तेव्हाच्या कायद्याने 'गोरे' ठरणे भाग होते. थिंड यांच्या बाजूने युक्तिवाद झाला, की मी उच्च जातीचा शुद्ध आर्य आहे, सबब मी गोरा आहे. न्यायालयाने तो फेटाळला.

या युक्तिवादाकडे नीट पाहा. परक्या देशात वंशभेदाशी लढताना हाताशी शस्त्र कोणते घेतले? जात! 'आम्हाला माणूस म्हणून घ्या' असे म्हटले गेले नाही; 'आम्ही तुमच्यासारखेच वरचे आहोत' असे म्हटले गेले. दरवाजा सर्वांसाठी उघडण्याची मागणी नव्हती, आपल्यापुरती फट मागितली होती. तीही मिळाली नाही. १९१७ च्या कायद्याने आशियाई लोकांना बंद झालेले अमेरिकेचे दार १९४६ मध्ये वर्षाला फक्त १०० भारतीयांपुरते किलकिले झाले.

शुद्धतेच्या याच प्रश्नाने एका मराठी समाजालाही गाठले. कोकणातले बेने इस्रायल म्हणजे अलिबाग-पेण पट्ट्यातले तेल गाळणारे 'शनिवार तेली'. ठाण्यात त्यांचे सिनेगॉग आजही उभे आहे. घरात मराठी, सण-वार ज्यू. १९४८ ला इस्रायल स्थापन झाल्यावर ही कुटुंबे तिकडे जाऊ लागली. १९५० च्या परतीच्या कायद्याने कोणत्याही ज्यूला येण्याचा हक्क दिला होता. पहिले लोक गेले, मग त्यांच्या मागे भावंडे, आईवडील. पण तिथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला : बेने इस्रायल माणसाचे लग्न इतर ज्यूंशी लावायचे असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या तपासा. का? तर शतकानुशतके कोकणात राहिलेल्यांची लग्ने 'शास्त्रोक्त' होती याची खात्री नाही.

आजी, पणजी, खापरपणजी यांच्या लग्नाचा कागद कोकणातला तेली कुठून आणणार? लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला त्यांच्या बाजूने बोलावे लागले आणि आदेश बदलला गेला. मराठी बोलणाऱ्या माणसांनी कुटुंबाच्या पुराव्याविरुद्ध दिलेला हा यशस्वी लढा आहे. आपल्याकडे तो फार थोड्यांना माहीत आहे.

पहिला कोण गेला?

कुटुंब-व्हिसाचे गणित साधे आहे : तिकडे आधी कोणीतरी असावे लागते. म्हणून खरा प्रश्न हा, की पहिला कोण गेला?

१९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. अडाणी, गरीब माणूस बाहेर गेला तर 'देशाची अब्रू जाईल' ही साहेबी वृत्ती नव्या दिल्लीतही कायम राहिली होती. १० एप्रिल १९६७ ला सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. बाबासाहेबांच्या घटनेने दिलेले हे दार उघडायला १७ वर्षे लागली.

तोवर काय झाले होते? ब्रिटनने १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुल देशांतल्या लोकांना परवाना लावला होता. त्याआधी जे पोचले, त्यांच्या बायका-मुलांना पुढेही येता येत होते. पंजाबच्या दोआबातून चर्मकार समाजाची माणसे त्या काळात ब्रिटनच्या ओतशाळांत आणि कारखान्यांत गेली. म्हणूनच आज वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड इथे जी आंबेडकरी आणि बौद्ध संघटना-विहारे दिसतात, त्यांच्या पायात पंजाबी माणसांचा घाम आहे. महाराष्ट्रातला आपला माणूस तेव्हा मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत आला. आपले 'परदेश' मुंबई होते. नंतर ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांपर्यंत सरकले. कुटुंब-व्हिसाच्या रांगेत आपण मागे आहोत, कारण रांग सुरू झाली तेव्हा आपण दुसऱ्या रांगेत उभे होतो.

अमेरिकेचेही तेच. १९६५ च्या कायद्याने कुटुंब एकत्र आणण्याला प्राधान्य दिले. पण पहिले गेले ते डॉक्टर, इंजिनिअर. देवेश कपूर, संजय चक्रवर्ती आणि निर्विकार सिंग यांनी २०१६ च्या त्यांच्या पुस्तकात अमेरिकेतल्या भारतीयांची निवड तीन चाळण्यांतून झाल्याचे दाखवले आहे : आधी उच्चशिक्षण कोणाला मिळते ही सामाजिक चाळणी, मग प्रवेशपरीक्षांची, मग अमेरिकेच्या व्हिसा धोरणाची. पहिली चाळणी जातीची आहे. आणि जो पहिला गेला, त्याचाच भाऊ, मेहुणा, आई मागून गेले. कुटुंब-व्हिसा स्वतः जात विचारत नाही. पण आधी झालेली जातीची निवड तो पुढच्या पिढीत नेतो.

बाईच्या शरीरावर पुरावा

हा पुरावा बाईकडून कसा मागितला गेला तेही नोंदवले पाहिजे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांची एक भारतीय शिक्षिका होणाऱ्या नवऱ्याकडे आली. वाग्दत्त वधूला तेव्हा आगाऊ परवाना लागत नव्हता, पत्नीला लागत होता आणि त्यासाठी फार थांबावे लागे. अधिकाऱ्याला संशय आला, की ही आधीच विवाहित आहे. म्हणून तिची कौमार्य तपासणी केली गेली. ब्रिटिश वर्तमानपत्रात बातमी आल्यावर गदारोळ झाला. पुढे सरकारी कागदपत्रांतून उघड झाले, की भारतीय उपखंडातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा ऐंशीहून अधिक तपासण्या झाल्या होत्या. चारित्र्याची परीक्षा म्हणजे अग्निपरीक्षाच की! ती फक्त पुराणात होते असे कोणी समजू नये.

पगाराची अट म्हणजे नवी वेस

आज तपासणी शरीराची नाही, पगाराची आहे. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणायला किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. कुवेतने २०२४ मध्ये ८०० दिनारांची अट घातली. ब्रिटनने जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारे वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये २९,००० केले. आणि त्याच वर्षी ११ मार्चपासून वृद्ध-आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या परदेशी केअर वर्करना बायको-मुले आणण्याची बंदी केली. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्यांचे मलमूत्र काढायला या, स्वतःची म्हातारी माणसे आणि लेकरे मागे ठेवा.

हे आपल्याला नवे वाटू नये. गावाला आपले हात हवे होते, आपला शेजार नको होता. काम वेशीच्या आत, वस्ती वेशीबाहेर. आज वेस समुद्रापलीकडे आहे आणि तिची उंची दिरहमात मोजतात.

काही मित्र म्हणतील, प्रत्येक देशाला आपले दार सांभाळायचा हक्क आहे. खोटी लग्ने होतात, एजंट बनावट कागद करतात. खरे आहे. आपल्याच ओळखीतल्या लोकांना एजंटांनी फसवलेले मी पाहिले आहे. पण ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात काय घडले ते आठवा. उपखंडातल्या कित्येक मुलांना 'ही तुमची मुले नाहीत' म्हणून नाकारले जात होते. १९८५ पासून डीएनए चाचणी आली आणि सरकारने केलेल्या प्रायोगिक तपासणीत बहुतांश कुटुंबे खरेच बोलत असल्याचे निघाले. नाती खरी होती, कागद कमी होते. कागद नसणे म्हणजे खोटे असणे नव्हे, एवढे मान्य केले तरी निम्मा अन्याय संपेल.

मग आपण काय करायचे?

बोनकोडेकरांना कागदाची किंमत सांगायला नको. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. पण तो हक्क हातात पडायला सातबारा, फेरफार, वारस दाखला लागला. ज्या घरातल्या बहिणीचे नाव वारस म्हणून लागले नव्हते, तिला काय भोगावे लागले ते गावठाणातल्या कोणत्याही आजीला विचारा. लढा रस्त्यावर जिंकला, तरी तो शेवटी नोंदवहीत उतरवावा लागतो.

आपण हे करत नाही. हॉल घेतो, डीजे लावतो, जेवणावळी घालतो, विहाराचे प्रमाणपत्र चौकटीत लावतो आणि विवाहनोंदणी राहते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते, उशीर झाला तर शुल्क भरून नंतरही होते. पुरोहिताच्या जागी बौद्धाचार्य किंवा भंतेजींची सही चालते. कोणी नाही म्हटले तर लेखी कारण मागा. विधीचाच वाद नको असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली आधी झालेले लग्नही नोंदवता येते. प्रत्येक विहाराने लग्नांची पानांवर क्रमांक असलेली कायम वही ठेवावी. बाळाचे नाव जन्मनोंदीत घालायला पहिले वर्ष फुकट आहे, १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून मुभा आहे. ती मुदत घालवू नका. नाव बदलले असेल तर राजपत्रात द्या.

आणि पुरुष कार्यकर्त्यांना एक सांगणे. लग्नात बायकोचे नाव बदलण्याची ही रीत कोणाची? ती आपली नाही. माहेरचे नाव पुसले, की तिच्या दहावीपर्यंतचे सगळे कागद परके होतात. पुढे परदेशात ती नवऱ्याच्या व्हिसावर 'अवलंबित' म्हणून जाते. त्याने सही केली तर ती तिथे, नाही तर नाही. तिचे निदान नाव तरी तिचे राहू द्या.

त्या मुलीची विवाहनोंदणी तिसऱ्या खेपेला झाली. आम्ही हिंदू विवाह कायद्याची छापील प्रत सोबत नेली होती, सासूबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पासपोर्टवर तिने माहेरचे पाळण्यातले नाव कायम ठेवले. आता विवाहाचा दाखला राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशा तीन शिक्क्यांच्या वाटेवर आहे. ती अजून बोनकोडेतच आहे, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर नवऱ्याला कागद कुठवर आला ते सांगते. ग्रामपंचायतीच्या वहीतला तिच्या नावाचा रकाना मात्र रिकामाच आहे; १५ वर्षांची मुदत कधीच संपली. त्यासाठी आम्ही आता अर्जामागून अर्ज करतो आहोत. व्हिसासाठी त्याची गरज उरलेली नाही. तरीही तो रकाना तिला भरून हवा आहे.

जय भीम!